हेमा नाखवाचा विंडो मॅनेजर
नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पोपट सरांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. सहा मशीन, एक कुरकुरता पंखा, आणि सरांच्या दर वाक्याला शेपटासारखं चिकटलेलं "कळलं का?" एकोणीसशे नव्व्याण्णव साली सरांनी सगळीकडे विंडोजऐवजी लिनक्स चढवलं. "फुकट आहे, कळलं का? व्हायरसची कटकट नाही, कळलं का?"

चेंदणी कोळीवाड्यातली हेमा नाखवा तिथे टायपिंग करायची. शिक्षण दहावी, पण बोटं अशी की कीबोर्डला दम खायला फुरसत नसे. काम होतं ठाण्यातल्या दुकानांच्या डिरेक्टरीचं. हातात फॉर्म, एका विंडोत जुनी यादी, दुसरीत नवी, तिसरीत पिनकोड. तिन्ही एकमेकींच्या उरावर. त्यात माउस ज्या विंडोवर जाईल तिथे अक्षरं उमटायची. एके दिवशी कोपराचा धक्का माउसला लागला आणि फॉर्ममध्ये डोकं घातलेल्या हेमाने चाळीस नवी दुकानं जुन्या यादीत कोंबली.

"पुन्हा असं झालं तर तू फायलिंगला, कळलं का?"

फायलिंग म्हणजे लोखंडी कपाट, धूळ आणि शिंका. घरात कीबोर्डला बोट लावणारी हेमा पहिलीच होती, आणि तिला ते बोट उचलायचं नव्हतं.

मशीन सांभाळणारा डोंबिवलीचा रतन म्हणाला, "टेन्शन नही! विंडो मॅनेजरच बदलू की." म्हणजे पडद्यावर कुठली विंडो कुठे, केवढी उघडायची ते ठरवणारा प्रोग्राम. लिनक्समध्ये हवा तो निवडता येतो. रतनने कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्याचा लाडका बसवला. संगमरवरी पट्ट्या, चकाकती बटणं.

"एकदम सॉलिड ना?"

"सॉलिड आहे रे, पण खालची विंडो दिसते कुठे?"

"खालची कशाला बघतेस? वरची बघ ना!"

रविवारी हेमा आई मनुबाईबरोबर मासळीबाजारात बसली. मनुबाई पाटावर मासळीचे वाटे लावत होती. हेमाने तंद्रीत बोंबलांचा वाटा मांदेलीवर ठेवला.

"अगो, डोकं ठिकाणावर हाय का? खालचा वाटा गिऱ्हायकाला दिसंल कसा? त्याला सरकव, याला जागा कर!"

हेमा पाटाकडे बघतच राहिली. नवा वाटा आला की बाकीचे अंग चोरून सरकत होते, पण एकही झाकला जात नव्हता. असाच एक विंडो मॅनेजर त्या सीडीवर होता. रतनने तो नाक मुरडून बाजूला सारला होता.

सोमवारी तिने तोच मागितला.

"तो?" रतन किंचाळला. "ना चित्र, ना बटण. फरशी बसवल्यासारखा दिसतो!"

"मला फरशीच हवीय."

डिक्शनरी मांडीवर घेऊन तिने इंग्रजी मॅन्युअल वाचलं. दोनदा पडदा काळा पडला, तिसऱ्यांदा तीन विंडो शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एकीतून दुसरीत जायला कीबोर्डवरची दोन बटणं दाबली की झालं. हेमाने माउसची वायर उपटली आणि माउस ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

"अगं, माउसशिवाय?" सर हादरले. "दोघांनी पन्नास-पन्नास फॉर्म भरा. बघू कोणाचा विंडो मॅनेजर ठेवायचा, कळलं का?"

हेमाचे पन्नास संपले तेव्हा रतन एकतिसाव्यावर होता, आणि त्याची चार दुकानं पिनकोडात जाऊन बसली होती. सरांनी हेमाची यादी फॉर्मशी ताडून पाहिली. एकदा. मग चष्मा पुसून पुन्हा. एकही चूक नव्हती.

"सगळ्या मशीनवर हाच बसवा. आणि हेमा, फायलिंगचं विसर."

"बसवणार कोण?" रतन पुटपुटला.

हेमाने पदर खोचला, पाठ ताठ केली आणि दुसऱ्या मशीनपुढे बसली.

"मी. तू खुर्ची ओढ आणि मॅन्युअल वाचून दाखव. चित्रं नाहीयेत त्यात, आधीच सांगते."