बुरुल एजेनं काढलेलं एक चिन्ह

ओश शहरातल्या आमच्या कचेरीत बुरुल एजे, म्हणजे बुरुलताई, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. पन्नाशीची, पूर्वीची गणिताची मास्तरीण. तोंड तिखट, काम चोख. डोळ्यांच्या इस्पितळातली शस्त्रक्रियांची यादी लावणारा प्रोग्राम तिचाच. वयानं मोठा तो वर, एवढंच गणित.

आमचा साहेब तालाय तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पण रीतीभातीचा भारी पुळका. म्हणाला, “एजे, आपल्यात बरोबरीच्यालाही ‘आधी तुम्ही’ म्हणतात. तेही घाला.”

“अरे, मग सारख्या वयाचे दोघं जन्मभर एकमेकांना वर ढकलत बसतील!”

“छे! शेवटी कुणीतरी बसतंच की जेवायला.”

“माणसाला भूक लागते, तालाय. मशीनला नाही लागत.”

ऐकतो कोण! त्यानं स्वतःच ‘मोठा’च्या खुणेला बरोबरीचं चिन्ह जोडलं.

डोंगरातल्या म्हाताऱ्यांची खरी जन्मतारीख कुणाला ठाऊक? कारकुनानं सरसकट एक जानेवारी लिहिलेली. अलाय डोंगरातल्या सायराकान आपा आणि ओमुरबेक म्हातारा, दोघांचं सालही एकच निघालं. हा वर, ती वर, पुन्हा हा वर. यादी गरगरत राहिली, इस्पितळ ठप्प.

तालायचा उपाय ऐका. “हजार फेऱ्या झाल्या की अडकलेली नावं काढून टाका.”

“नावं? माणसं आहेत ती, मेल्या!” एजे कडाडली.

मग त्यानं ते काम मला सांगितलं. आणि मी केलं. नोकरी टिकावी म्हणून निमूटपणे केलं. आजही आठवलं की स्वतःची किळस येते.

आपांच्या डोळ्यात दाब वाढलेला. ठणकता डोळा घेऊन त्या तीनदा इतक्या लांबून आल्या. तीनदा इस्पितळाच्या खिडकीतून उत्तर, “यादीत नाव नाही.” चौथ्या खेपेला त्या कामानिमित्त तिथं गेलेल्या एजेला भेटल्या. एजे तडक कचेरीत आली आणि कुणाला न विचारता ते बरोबरीचं चिन्ह काढून टाकलं. एक बटण दाबायचं काम होतं, बस्स.

दुसऱ्या दिवशी दोघांची शस्त्रक्रिया झाली. ओमुरबेकला दिसू लागलं. आपांचा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, महिन्यापूर्वी व्हायला हवी होती.

तालाय खुर्चीत पाय पसरून एजेला म्हणाला, “न विचारता हात लावलात? मोठ्यांनीच असं वागायचं?” थू!

संध्याकाळी एजे आणि मी आपांची माफी मागायला गेलो. आपांनी चाचपडत एजेचा हात धरला.

“त्या म्हाताऱ्याला दिसतंय ना, पोरी?”

“हो, आपा.”

“बरं झालं. खिडकीपाशी फार थकलेला वाटला मला. विचारलं असतं तर म्हटलं असतं, आधी त्याला घ्या.”