गुलाबी बुरशीचा मका
हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. ओल्या मक्याचा आंबूस वास आला की आमच्या उंद्रीतली डुकरं पाळणारी बाई आठवते. माझ्या भिजलेल्या मक्यावर गुलाबी बुरशी चढली होती. गाईंना घातला नाही, तिला मात्र उपकार केल्यासारखा दिला. पुढं एकदा ती म्हणाली, "भाऊ, तुमचा मका डुकरीन लय आवडीनं खाते, पन सदा माजावर आल्यावानी सुजेल दिसते अन् गाभन काही राहत नाही. काऊन असन?" अशा बुरशीनं मादीचा माज बिघडतो, दाणा बंद केला की बहुधा सुधारते, हे गुरांच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तरी मी म्हणालो, "वांझ असन, इकून टाक." तिनं डोळे पुसत ती कसायाला दिली. अजूनही रस्त्यात भेटली की हसून "राम राम भाऊ" म्हणते. डुकरीण चांगली होती, मका माझा नासका होता, एवढं तिला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.