खडू आणि मातीचं तेल

"घाई काहून करून राहिला गा?" कोणी काहीही काम सांगितलं, की आमचे फिटर मिस्त्री आधी हे विचारायचे आणि मग सावकाश खडू उगाळायला बसायचे.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. मी नागपूरच्या एका कापड गिरणीत कारकून होतो. मिस्त्री उमरेडच्या कोष्टी घरातले. नवी पोलादी नळी आली, की वेल्डिंगच्या सांध्यावर ते बाहेरून खडूचं पाणी लावायचे, ते वाळलं की आतून मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, फिरवायचे आणि वाट पाहायचे. चीर असली तर पांढऱ्या खडूवर तेलाची रेघ उमटायची.

"पयले तेल, मंग पाण्याचा दाब," ते सांगायचे. "पाणी पयले भरलं का चिरेत तेच बसते. मंग तेल जाईन कुठून?"

नळी न कापता तिच्या पोटातलं ओळखणारा हा माणूस स्वतःचा मोडका चष्मा मात्र सुताने कानाला बांधायचा. तुम्हीही हसला असता.

एकदा बॉयलरजवळची वाफेची नळी बदलायची होती. गिरणी बंद पडलेली. मॅनेजरसाहेबांनी नव्या नळीवर दोनदा हातोडी मारली. खणखणीत आवाज आला.

"झाली तपासणी. बसवा."

"साहेब, मोठी फूट असन तं आवाज सांगते. केसाएवढी चीर नाही सांगत. मले उद्या दुपारपर्यंत वेळ द्या."

"मिस्त्री, गिरणी तुमच्या खडूवर चालत नाही!"

नळी दुसऱ्यांकडून बसवून घेतली. तिसऱ्या दिवशी सांधा फाटला आणि वाफेने बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्या फायरमनचे दोन्ही हात भाजले. मिस्त्रींनीच त्याला उचलून दवाखान्यात नेलं.

पण माझा संताप पुढच्या गोष्टीचा आहे. साहेबांनी चौकशीसाठी, मिस्त्रींच्या सहीचा, इंग्रजीत जबाब तयार करवला: नळी मिस्त्रींनी तपासून पास केली. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं.

"काय लिवलं हाय, वाचून सांग गा," ते मला म्हणाले.

मी सांगितलं.

"अक्षर तुयं हाय ना?"

"हो."

"तुले तं सारं मालूम होतं."

सही न करता त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला. त्याच दुपारी त्यांना काढून टाकलं; साहेबांना साधा जाबही कोणी विचारला नाही. आणि सगळं पाहिलेला मी? मी गप्प बसलो!

फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेलो. काही बोलणार, तोच ते वळले. "जाय, कामावर जाय. तुये लेकरं लहान हायत."

पुन्हा ते कधी दिसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या.