भरल्या मालाला वाट

“भरल्या मालाला वाट द्या!”

आखाडा बाळापूरच्या बाजारात तुम्ही कधी गेला असाल, तर ही आरोळी ऐकलीच असेल. हात आडवा करून गर्दी थोपवणारे ते म्हातारे हमाल म्हणजे आमचे बापू. पोतं घेतलेला दुसरा हमाल पुढे जाईपर्यंत स्वतःही थांबायचे.

बापू बंजारा तांड्यावरचे. त्यांच्या पूर्वजांची लदेणी असे, म्हणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरणं. “दोन राजे लढून राहिले तरी लदेणीला कोणी हात लावत न्हाई,” ते सांगायचे. “दोघांच्या फौजा तेच धान्य खातेत ना!”

याच भरवशावर त्यांनी एकुलत्या पोराला तेलाच्या जहाजावर खलाशी म्हणून पाठवलं. पोराची माय रडू लागली, तर म्हणाले, “रडतीस काहून? पोरगं लदेणीला चाललंय.”

मग आखात पेटलं. मी तेव्हा चौकात युद्धाविरुद्ध पत्रकं वाटायचो. बापू माझ्याकडून रोज पेपर वाचून घ्यायचे. एकदा मी पत्रकाच्या पाठीवर नकाशा काढला.

“बापू, ही समुद्रातली चिंचोळी वाट. ही ज्याच्या मुठीत, त्याच्यापुढे बाकीचे देश वाकतात. भांडण तिच्यासाठीच आहे.”

“म्हंजे खिंडच की. पण जहाज भरलेलं हाये ना?”

“भरलेलंच.”

“मग बराबर सोडतेत.”

सोडलं नाही. जहाज त्या वाटेवरच्या सुरुंगावर आदळलं. सुरुंग कोणाचा, यावर दोन्ही देश एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. पोराचं काहीच परत आलं नाही.

बापूंनी मला एवढंच विचारलं, “भरलेलं व्हतं, हे दिसलं न्हाई व्हय त्याइला?”

सत्तेविरुद्ध मी पानंच्या पानं लिहिली आहेत. हा प्रश्न तेवढा मी त्या नकाशाखाली लिहून ठेवला.

पुढे आम्ही चौकात रस्ता रोको केला. पोतं पाठीवर घेऊनच बापू आले. “कोणासंग भांडून राहिला रे?”

“सरकारशी!”

“मग हे भरल्या गाडीवालं लेकरू काहून उन्हात अडवलं?”

बापू गेले, तेव्हा तिरडी त्याच चौकातून निघाली. समोरून हळदीचा ट्रक आला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, खाली उतरून हात जोडले. खांदा दिलेल्या हमालांनी वर पाहिलं. पोत्यांची थप्पी फाळक्याच्या वर गेली होती.

बापूंना खांद्यावर घेऊन आम्ही सगळे कडेला सरलो, आणि ट्रक जाईपर्यंत उभे राहिलो.