चारी चाकांची जीप

हिवाळा आला की माझी बोटं वळत नाहीत, गुडघे धरतात. आणि लोक तरी अजून विचारतातच, "तुमी त्या गारपिटीत जीप घेऊन गेल्ता म्हनं?" गेल्तो. किती वेळा सांगायचं? लोकांना ऐकायचं असतं तेवढं मी सांगतो. चिखल, गारठा, तीन दिवस अंगावरचे कपडे सुकले नाहीत. ऐकणारा मान हलवतो, चहा सांगतो, आणि विषय संपतो. आज सगळं सांगून टाकतो. लपवून ठेवायचाही आता कंटाळा आलाय.

मोठ्या दुष्काळाच्या आधीचा एक हिवाळा. आमची शेती पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीच्या बाजूला, सगळी काळी जमीन. तेव्हा त्या भागात सात-आठ जणांकडे जीप होत्या, आणि झाडून सगळ्या लष्कराच्या लिलावातून आणलेल्या. जाड पत्रा, वर ताडपत्री, आवाज गिरणीसारखा. मी माझी बाजाराला वापरायचो. भाजी वाहायचो, लग्नसराईत वऱ्हाड. या जीपची खुबी म्हणजे तिची चारी चाकं ओढतात. एरवी मागची दोनच. चिखल लागला की एक लिव्हर टाकायची, मग पुढचीही ओढायला लागतात. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांपर्यंत नेणारा एक लोखंडी दांडा गाडीच्या पोटाखाली असतो, त्याला आम्ही पुढचा शाफ्ट म्हणायचो.

आणि आम्ही शहाणे काय करायचो, तर गाडी घरी आली की पहिल्यांदा तो शाफ्ट काढून ठेवायचो. म्हणे पेट्रोल कमी खाते. म्हणे गाडी हलकी पळते. कुठल्या मिस्तरीनं हे डोक्यात भरवलं देव जाणे. पण एकानं काढला म्हणून दुसऱ्यानं काढला, दुसऱ्यानं काढला म्हणून मी काढला. लिव्हर जागच्या जागी राहते, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही. मलासुद्धा वर्षभरात त्याची आठवण झाली नव्हती.

त्या वर्षी थंडी आधीच हाडात शिरलेली. हरभरा घाट्यावर आला होता, गहू ओंबीत. एका दुपारी गारा पडल्या, लिंबाएवढ्या, आणि त्यानंतर जो पाऊस लागला तो थांबेचना. झिमझिम, वर वारा. काळ्या मातीत पावसाळ्यातसुद्धा आम्ही गाडी घालत नाही, आणि हा तर नांगरलेल्या, पाणी दिलेल्या रानावर पडलेला पाऊस. एसटी बंद झाली. दवाखान्याची गाडी डांबरीवरून खाली उतरेना. तिकडं रानोमाळ ऊसतोडीची माणसं कोप्या घालून राहिलेली. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. गारांनी तिचं काय झालं असेल ते सांगायला नको.

मामलेदारांनी जीपवाल्यांना चावडीवर बोलावलं. आम्ही सहा जण गेलो. सक्ती कसली नव्हती, माणसं अडकलीत म्हटल्यावर कोण घरी बसतो? कारकून वही घेऊन एकेकाला विचारत होता, "चारी चाकं चालतात ना?" माझ्या पुढचा म्हणाला, चालतात. त्याचाही शाफ्ट काढलेला, मला माहीत होतं. माझी पाळी आली. मी म्हणालो, "चालतात की." एवढ्या लोकांत नाही म्हणून परत फिरायचं? आणि संध्याकाळी घरी जाऊन बसवून टाकू, असंही मनात आलं होतं. तासाभराचं काम. माझ्या मागं आमचा फौजी उभा होता, लष्करात वीस वर्षं गाड्या चालवून आलेला. तो म्हणाला, "चालतात. पायजे तर बघा." कारकुनानं काही बघितलं नाही.

संध्याकाळी घरी पोचलो तो अंग असं आंबलं होतं की चूल सोडून हललो नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवसभर पीठ, घोंगड्या, भिजलेली पोरं-म्हाताऱ्या वाहायच्या. मी हुशारीनं मुरमाड बाजूचे रस्ते धरायचो, आणि गाडी कुठं अडली नाही. उलट मला वाटायला लागलं, बघा, दोन चाकांवर भागतंय की. माणूस थकला की स्वतःला काहीही पटवतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका कोप्यांच्या अड्ड्यावरून माणूस चालत चावडीवर आला. पाणी साचलं म्हणून ते लोक पहाटे बिऱ्हाड उंचावर हलवत होते. त्यात बैल घसरले, टायरगाडी उलटली, आणि एकाच्या मांडीवर आली. दवाखान्याचा कंपाउंडर तयारच होता. माझी जीप दारात उभी होती. दुसऱ्या सगळ्या गेलेल्या. "चला," म्हणालो.

जाताना उतार होता, गाडी रिकामी, पोचलो. दहा वाजले असतील. तो माणूस पाथर्डीकडचा, पस्तिशीचा, अंगानं काटक. बाजेवर पडला होता आणि दातखीळ बसल्यासारखा गप्प होता. त्याची बायको त्याचं पाऊल दोन्ही हातांत धरून चोळत होती. मांडी सुजून वेडीवाकडी झालेली. कंपाउंडरनं दोन बांबूच्या कांबी लावून पाय बांधला, अंगठा दाबून बघितला.

"बोटं हलव," तो म्हणाला. हलली.

"पाऊल गरम हाय अजून. आतली नस चेपलीय असं वाटतं. दुपारच्या आत टेबलावर गेला तर पाय ऱ्हाईल."

बाईनं ते ऐकलं. ऊसतोडीत नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, एकट्याला नाही. पाय गेला तर काय जाणार होतं ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

अड्ड्यावर चार गडी होते. ते म्हणाले, आम्ही बाज खांद्यावर घेतो, वढा वलांडून थेट डांबरीला लागतो, तिथं दवाखान्याची गाडी हायेच. डांबरी तीन मैल. कंपाउंडरनं माझ्याकडं बघितलं. "हाबकं बसतील त्याला. गाडी जाईल ना? चारी चाकांची हाय तुमची."

मी म्हणालो, "जाईल."

आजही तो क्षण आठवला की मला माझीच चीड येते. तिथं बोलायला काय झालं होतं? दोन शब्द. पण तीन दिवस मी सगळ्यांना मदतीचा माणूस म्हणून माहीत झालो होतो, आणि त्या बाईनं माझ्या जीपकडं बघून पदरानं डोळे पुसले होते. जीभ उचलली नाही.

मैलभर गेलो आणि ओढा आला. उतरलो नीट. पलीकडचा चढ म्हणजे नुसता लोण्यासारखा चिखल. गाडी निम्मी चढली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी लिव्हर टाकली. खोटीच. हाताला सवय, म्हणून टाकली, की कंपाउंडरला दिसावी म्हणून टाकली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गाडी आणखी बसली.

मग नेहमीचे सगळे उपाय. चार गडी आमच्या मागून चालत आले होते, त्यांनी पाचट आणून चाकाखाली घातलं. चाकांना सोल, म्हणजे जाड दोर, गुंडाळला. खालची माती खोऱ्यानं उपसली. दर वेळी गाडी हातभर पुढं जायची आणि दोन हात मागं यायची. वरून पाऊस. त्या माणसाला ताडपत्रीखाली घोंगडीत गुंडाळलेलं, बायको पायथ्याशी बसून पाऊल चोळतेय. तासाभरानं गडी पुन्हा म्हणाले, "मालक, आमी उचलून नेतो ना. अजून येळ हाय."

मी म्हणालो, "थांबा जरा. निघंल आता."

कंपाउंडर अधूनमधून अंगठा दाबायचा. पहिल्यांदा म्हणाला, बरं हाय. मग म्हणाला, गार लागतंय. मग नुसतं दाबून बघायचा आणि घोंगडी ओढून घ्यायचा. गडी तिसऱ्यांदा विचारायला आले तेव्हा मी त्यांच्यावर खेकसलो. चिखलात माझी बोटं बधिर झाली होती, थंडीनं दात वाजत होते, आणि आता कबूल करायचं तर आधीचे दोन तास कशात गेले तेही सांगावं लागलं असतं. शेवटी बैल आणायला एकजण पाठवला. गारांनी सोलपटलेले बैल आले, उभे राहिले, आणि ओढायला तयारच होईनात. त्यांचं तरी काय चुकलं?

तीनच्या सुमाराला फौजी त्याची जीप घेऊन आला. कुणीतरी त्याला गाठून सांगितलं होतं. त्यानं वरच्या बाजूला गाडी लावली, खाली उतरला आणि मला म्हणाला, "लिव्हर टाक." मी टाकली. "रेस कर." केली. मागची चाकं फिरली, पुढची ढिम्म. तो खाली वाकला, गाडीच्या पोटात डोकं घातलं, आणि वाकलेलाच राहिला थोडा वेळ. उठला तेव्हा माझ्याकडं बघितलं नाही. हात विजारीला पुसले, दोर बांधला. दोनच मिनिटं लागली, त्याच्या गाडीनं आम्हाला वर ओढून काढलं. पुढं त्यानं पेशंट स्वतःच्या जीपमध्ये घेतला. मी रिकामी गाडी घेऊन मागून गेलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघितला आणि कंपाउंडरला विचारलं, किती वाजता लागलं, किती वाजता निघालात. तो वेळा सांगत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडीपासून पाय काढला.

दोन दिवसांनी मी गेलो. भाकरी आणि वांग्याची भाजी बांधून नेली होती. दुसरं काय न्यायचं सुचलं नव्हतं. तो झोपलेला. बाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठली आणि माझ्या पाया पडायला वाकली. म्हणाली, "तुमच्यामुळं जीव वाचला त्येंचा. पायाचं आमच्या नशिबात न्हवतं, तुमी काय करनार."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेऊन घरी गेलो असतो. पण पाया पडल्यावर मला राहवेना. मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं. शाफ्ट म्हणजे काय, तो मी का काढला होता, चावडीवर काय बोललो, सगळं. ती मध्येच थांबवून विचारायची, आणि मी पुन्हा समजावायचो. यंत्राचं तिला किती कळलं माहीत नाही. ती ऐकत होती आणि माझ्या हातातल्या भाकरीच्या फडक्याकडं बघत होती.

"म्हंजी ती गाडी वर येनारच न्हवती?"

"न्हवती."

"आन तुमाला ठावं हुतं."

"हुतं."

आत कुणीतरी खोकलं. मग तिनं मान वर केली. आवाज चढला नव्हता, नुसता हिशेब लावल्यासारखा होता. "आमी तीनदा म्हनलो, उचलून नेतो. चार गडी हुते. मीबी खांदा दिला असता. तुमी थांबा म्हनलात म्हनून थांबलो."

तिनं फडकं माझ्या हातातून घेतलं, सोडून बघितलं, आणि आत गेली. नवऱ्याला उठवून तिनं त्याला जेवायला घातलं. मी तिथंच उभा राहून बघत होतो. बसता येईना म्हणून तो धडपडत होता आणि तिनं त्याला खांदा दिला होता.