पहिल्या पानावरचं कुंकू

मी पदवीधर झालो तो देशमाने गुरुजींमुळे. आता त्यांना दिसत नाही. म्हणून आपलं शिळाछापाचं, म्हणजे दगडावरून छापलेलं, जुनं पुस्तक त्यांनी माझ्याकडे सोपवलं, "जपेल अशा माणसाला दे" म्हणून.

चांगला संग्राहक मिळावा म्हणून मी ते जुन्या पुस्तकांच्या एका पारख्यांकडे नेलं. त्यांनी कागद उजेडात धरला, शिवण चाचपली. सगळं अस्सल निघालं. मग त्यांचं भिंग पहिल्या पानावर थांबलं.

"हा लाल डाग कुठल्या शहाण्याचा?"

"कुंकू आहे. आईने लावलेलं."

"अहो, पुस्तक आहे का देव्हारा? आता संग्राहक हात लावणार नाही याला."

मी शाळेत होतो तेव्हा दसऱ्याच्या पूजेला आमच्या घरात एकही पुस्तक नव्हतं, म्हणून गुरुजींनी हेच दिलं होतं. अक्षरओळख नसलेल्या आईने भक्तीने पहिलंच पान निवडलं. मी पुस्तक मुकाट्याने परत केलं. गुरुजीही त्या डागाबद्दल कधी बोलले नाहीत. भिंगाखालचा तो डाग बघताना वाटलं, माझं शिक्षण इथूनच सुरू झालं.

त्याच दिवशी मी पत्र लिहिलं, घरच्यांनी गुरुजींना वाचून दाखवावं म्हणून:

"गुरुजी, साष्टांग नमस्कार. पहिल्या पानावरचं कुंकू आमच्या घरचं आहे. तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही. त्या डागामुळे आता कुणी संग्राहक पुस्तक घेणार नाही. परवानगी असेल तर मीच जपतो, आणि दर रविवारी येऊन तुम्हाला वाचून दाखवतो."