वरच्या बंगल्याचं पाणी

सिंधुबाईचं क्वार्टर वसाहतीच्या अगदी खालच्या टोकाला होतं. केज तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याची ही वसाहत, माळाच्या उतारावर बांधलेली. वर अधिकाऱ्यांचे बंगले, मध्ये कारकुनांची घरं आणि खाली कामगारांची क्वार्टरं. कारखाना उभा राहिला तेव्हाच साऱ्या घरांचं सांडपाणी आणि मैला न्यायला जमिनीखालून पाइप टाकले होते. संडास वरच्या घरांनाच होते, खालच्या क्वार्टरांत नुसती न्हाणी. ही लाइन बंगल्यांपासून निघायची, सिंधुबाईच्या अंगणातल्या चेंबरमधून पुढं रस्त्याखाली जायची आणि ओढ्याकाठच्या टाकीत संपायची.

सिंधुबाई कारखान्याच्या दवाखान्यात आया होती. नवरा शहादेव गाळपाच्या विभागात होता. मग दुष्काळ आला. एका वर्षी ऊस निम्मा झाला, पुढच्या वर्षी जनावरांच्या छावणीत गेला, त्याच्या पुढच्या वर्षी लावलाच नाही. धुराडं थंडावलं. सुरू होईल, संचालक मुंबईला गेलेत, असं म्हणता म्हणता लोक उठून जायला लागले. कुणी पुण्याला, कुणी गावाकडं. शहादेव मात्र रोज हजेरीच्या वेळेला गेटपर्यंत जाऊन परत यायचा. एके दिवशी असाच परत आला, ओट्यावर बसला आणि छातीला हात लावून आडवा झाला तो उठलाच नाही.

मुलगा पुण्यात एका कंपनीत होता. "आई, इकडंच ये," म्हणायचा. ती दोनदा गेली. एका खोलीत चौघं, आणि दिवसभर दार लावून बसायचं. तिला वाटलं, दार लावूनच बसायचं तर आपल्या दाराआड बसावं. ती परत आली.

वसाहतीत मागं राहिलेलं दुसरं घर होतं राधाकिशन साहेबांचं. ते कारखान्याचे केमिस्ट. बायको वारलेली, मुलगी लातूरला दिलेली. ते का राहिले होते हे कुणी विचारलं नाही, कारण विचारायला कुणी नव्हतंच. बंगल्यामागं त्यांनी सीताफळाची झाडं लावली होती. टँकरच्या दिवसांत अंघोळीचं पाणी बादलीत धरून त्यांनी ती जगवली. त्या वर्षांत लाइनीत पाणी असं जायचंच नाही. चेंबरांत पाली हिंडायच्या. चेंबरांवरची लोखंडी झाकणं कुणी कुणी काढून भंगारात विकली.

पुढं पाऊस बरा झाला, बोअरला पाणी आलं, आणि साहेबांच्या घरचं पाणी पुन्हा लाइनीत पडायला लागलं. सिंधुबाईच्या अंगणातल्या चेंबरवर फुटकी फरशी होती. सकाळी भांडी घासताना फरशीखालून खळखळ ऐकू आली की ती मनात म्हणायची, साहेबांची अंघोळ झाली. एखाद्या दिवशी उशीर झाला तर हातातलं भांडं तसंच ठेवून ती कान द्यायची. साहेबांशी बोलणं म्हणाल तर कधी गेटवर भाजीवाल्याच्या जीपपाशी गाठ पडायची. "बरं हाय का साहेब?" "बरं आहे." एवढंच. कारखाना चालू असतानाही वरचे लोक खाली येत नसत आणि खालचे वर जात ते कामापुरते. ती रीत कारखाना बंद पडला तरी राहिली होती.

त्या वर्षी भाद्रपदात पाऊस लागला तो उघडेचना. माळावरचं सगळं पाणी उघड्या चेंबरांतून लाइनीत शिरलं. पुढं मात्र वाट नव्हती. दुष्काळात तहानलेल्या नीलगिरीच्या झाडांनी पाइपांच्या सांध्यांतून मुळ्या आत घातल्या होत्या, वरून वर्षानुवर्षांचा गाळ बसला होता. सिंधुबाई दुपारची भाकरी थापत होती. न्हाणीतून गुडगुड आवाज आला, आणि बघते तर मोरीच्या भोकातून काळं पाणी वर येतंय. तिनं पोतं कोंबलं. पाण्यानं पोतं बाहेर फेकलं. अंगणात चेंबरची फरशी हलायला लागली होती. बघता बघता घाण उंबऱ्यावरून आत आली. पिठाचा डबा, अंथरूण, शहादेवचा फोटो, जे हाताला लागलं ते तिनं बाजेवर ठेवलं आणि स्वतःही बाजेवर पाय घेऊन बसली. भाकरी तव्यावर जळून गेली.

पाणी ओसरल्यावर तिनं घर धुतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही पाणी आत आल्यावर घर तसंच टाकून ती गेटवर गेली. तिथं बंकट राखणदार होता. पगार कधी यायचा, कधी नाही. त्याची शेरडं वसाहतीत चरायची म्हणून तो टिकून होता.

"बंकट, लाइन तुंबलीय. कुणाला तरी सांग. घरात पाय ठेवाया जागा न्हाई."

"कुणाला सांगू मावशी? हाफिसात कुलूप हाय." तो शेरडाच्या पायातला काटा काढत होता. मान वर न करता म्हणाला, "तुमच्यातलंच कुणीतरी बघा की गावातून. उतरंल आत."

तिचं माहेर चकलांब्याचं. धर्मांतर झालं त्या साली तिच्या बापानं मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं होतं, आणि त्यापायी त्याला गावात वर्षभर कुणी कामाला लावलं नव्हतं.

"माझ्या बापानं ढोरं ओढायची सोडली बंकट," ती म्हणाली, "ती काय आमी गटारात उतरावं म्हणून न्हाई. तुझी शेरडं बी याच वसाहतीत हागत्यात. तू उतर."

बंकट वरमला. "तसं न्हाई मावशी," असं काहीतरी पुटपुटला. पण ती वळली होती. तशीच पावसात ती चढ चढून वर गेली. इतक्या वर्षांत राधाकिशन साहेबांच्या दाराची कडी तिनं पहिल्यांदा वाजवली.

साहेबांनी दार उघडलं. अंगात स्वेटर, हातात चष्मा. "सिंधुबाई? काय झालं?"

"खाली चला जरा. घरात गटार आलंय."

"कुठलं गटार?"

"आपलंच. तुमचं नि माझं. तिसरं कोण हाय इथं?"

ते छत्री घेऊन आले. अंगणात उभे राहिले, मग दारातून आत पाहिलं. भिंतीवर हातभर उंचीपर्यंत काळी ओल चढली होती. चुलीपाशी मैला येऊन पडला होता. साहेबांचा चेहरा उतरला.

"हे माझ्या घरचं आहे," ते म्हणाले.

"पावसाचं बी हाय," सिंधुबाई म्हणाली. तिला एकदम त्यांची कीव आली.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर ते जुने कपडे घालून, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून आले. खांद्यावर बांबूच्या लांब कामट्या होत्या, बंगल्याचं कुंपण मोडून काढलेल्या. चेंबरची फरशी त्यांनी पहारेनं सरकवली आणि आत पाय सोडायला लागले. सिंधुबाईनं दंड धरून मागं ओढलं.

"आत न्हाई उतरायचं! मळीच्या टाकीत उतरून गुदमरलेली माणसं दवाखान्यात आणली होती, ध्यानात हाय का? मी पुसली होती त्यांची तोंडं. वरनंच करा काय करायचं ते."

साहेबांनी पाय वर घेतले. मग दोघांनी वरूनच कामट्या घातल्या, ढकलल्या, फिरवल्या, ओढल्या. मुळ्यांचे पुंजके निघायचे, केसांच्या गंगावनासारखे, लांबच्या लांब. सिंधुबाई ते पाटीत भरून लांब टाकायची. बंकट दुरून बघत होता. दुसऱ्या दिवशी तो न बोलता आला आणि कामटीचं एक टोक त्यानं धरलं.

ते काही दिवस सिंधुबाईला बरे गेले. दुपारी ती तिघांसाठी पिठलं-भाकरी करायची. साहेब ओट्यावर बसून जेवायचे. शहादेवबद्दल त्यांनी विचारलं. तो रसाचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत यायचा, दारात चपला काढायचा, "काढू नको" म्हटलं तरी काढायचा, हे त्यांनी सांगितलं. सिंधुबाईला हे माहीत नव्हतं. नवऱ्याबद्दल कितीतरी वर्षांनी काहीतरी नवीन कळलं म्हणून ती दिवसभर तेच घोळवत राहिली.

पण रस्त्याखाली कामटी अडायची. तिथं पाइपच खचला होता. तो खणून काढायला यंत्र लागलं असतं, आणि कारखान्यातर्फे यंत्र आणणारं कुणी उरलं नव्हतं. पुन्हा जोराचा पाऊस आला तेव्हा पाणी पुन्हा अंगणात चढलं. साहेबांनी ते वरून येऊन पाहिलं आणि काही न बोलता परत गेले. त्यानंतर ते खाली आले नाहीत.

पाऊस चालूच होता. आता पाणी आलं तरी नुसतं मातकट असायचं, घाण नसायची. वासही नाही. सिंधुबाईला वाटलं, मुळ्या काढल्याचा गुण आला. पण मग सकाळी फरशीखालची ती खळखळही ऐकू येईना. एक दिवस गेला, दोन गेले. साहेब मुलीकडं गेले असणार, तिनं ठरवलं. जाताना दोन शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? ओट्यावर बसून जेवलेलं माणूस. तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. तिनं स्वतःलाच सुनावलं की वरचे ते वरचेच. चार दिवस माणूस बोललं म्हणून आपण लई जीव लावला.

एका सकाळी बंकट शेरडं वळत अंगणावरून चालला होता. ती म्हणाली, "साहेब गेले न्हाई का लातूरला?"

"कुठं गेले? हायेत की. रोज पहाटं डबा घिऊन जुन्या गाडीतळाकडं जात्यात." बंकट हसला. "घरात संडास असून बाहेर जात्यात बघा. म्हातारपणी काय काय सुचतंय माणसाला."

सिंधुबाई हातातला झाडू टाकून उठली. काय झालंय ते तिला लख्ख कळलं. पाणी मातकट का येतंय, घाण का येत नाही, सगळं कळलं.

"आज परत येताना बघितलंस का?"

बंकट थबकला. "न्हाई बा."

ती धावत निघाली, मागोमाग बंकट. गाडीतळ म्हणजे ऊस घेऊन आलेल्या बैलगाड्या उभ्या राहायच्या ते मैदान. आता तिथं बाभळी माजल्या होत्या. साहेब चराच्या काठाला चिखलात पडले होते. एक पाय भलतीकडं वळलेला, अंग गार. शुद्ध होती. सिंधुबाईला बघून त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाजूला पडलेला डबा हातानं मागं सारायचा प्रयत्न.

तिनं लुगड्याच्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "कावून केलं असं? मला इचारायचं तरी."

"तुमच्या चुलीपाशी ते पाहिलं," साहेब म्हणाले. दात वाजत होते. "मग बसवेना हो घरात."

बंकटनं रस्त्यावर जाऊन जीप आणली. केजला, तिथून अंबाजोगाईला. खुब्याचं हाड मोडलं होतं. मुलगी लातूरहून येईपर्यंत सिंधुबाई दवाखान्यात त्यांच्या पायाशी बसून होती. नर्सनं विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?" ती म्हणाली, "शेजारी." वसाहतीत असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

साहेब वाचले, पण परत आले नाहीत. दिवाळीनंतर मुलगी बंगल्यातलं सामान न्यायला आली. चांगली बाई होती. बँकेत नोकरी करणारी, दमलेली. टेम्पोत सामान चढत असताना ती सिंधुबाईच्या ओट्यावर येऊन बसली.

"मावशी, बाबांना तिकडं डॉक्टरांना दाखवतोय आम्ही," ती हळू आवाजात म्हणाली. "विसर पडायला लागलाय बहुतेक. घरात संडास असताना पहाटे रानात कशाला जातील? विचारलं तर काही सांगत नाहीत. भिंतीकडं बघत बसतात."

सिंधुबाईनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं ठेवला. सांगावं की नाही, ती विचार करत राहिली. साहेबांनी सांगितलं नव्हतं म्हणजे त्यांना सांगायचं नसणार. पण लेकीनं बापाला खुळा समजावं, हेही तिला बघवेना.

"ताई, आत या," ती म्हणाली.

तिनं तिला न्हाणी दाखवली, मोरीचं भोक दाखवलं, भिंतीवरची काळी रेघ दाखवली. चुना दोनदा देऊनही ती वर आली होती. "तुमच्या बंगल्याचं सगळं इथं यायचं. पावसात घरात शिरायचं. त्यांनी बघितलं, आन् मग घरातलं वापरायचंच सोडलं. मला बी सांगितलं न्हाई. तुमचे वडील खुळे न्हाईत. त्यांना समदं ध्यानात हाय."

मुलगी भिंतीला हात लावून उभी राहिली. मग ती रडायला लागली. सिंधुबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवेपर्यंत.

उन्हाळ्यात सिंधुबाईनं पोराला बोलावून अंगणात शोषखड्डा खणून घेतला आणि आपलं घर जुन्या लाइनीपासून तोडलं. चेंबर दगडमातीनं बुजवलं. पोरगा पुन्हा म्हणाला, "आता तरी चल." ती म्हणाली, "बघू." साहेबांचा फोन एकदाच आला. मुलीनं लावून दिला होता. ऐकू नीट येत नव्हतं, दोघंही मोठ्यानं बोलत राहिले आणि कुणाचं कुणाला कळलं नाही. पुढं पावसाळ्यात ते गेल्याचं बंकटकडून समजलं. त्यालाही कुणीतरी बाजारात सांगितलं होतं, महिन्याभरानं.

आता वसाहतीत राहतं घर तिचं एकटीचंच. वरच्या बंगल्यांची दारं-खिडक्या गेल्या. दुपारी कधी बंकट शेरडं सोडून अंगणात येतो. ती चहा ठेवते. तो ओट्याशी उभा राहतो. ती बस म्हणते. तो हो म्हणतो आणि उभाच राहतो. ती पुन्हा म्हणते, मग बसतो.